अक्काचा मुक्काम

महानंदानं ओल्या पदरानं नवऱ्याच्या हनुवटीवरचं रक्त पुसलं, तेव्हा झेरॉक्सची मशीन अजून चालूच होती. नोट्सची पानं एकावर एक येऊन पडत होती. अमरेश दुकानाच्या फरशीवर आडवा होता. एक चप्पल पायात, दुसरी टेबलाखाली. बाहेर क्लासची पोरंपोरी पाठीला दप्तरं लावून उभी होती. कुणीतरी शटर अर्धं खाली ओढलं होतं, त्याच्याखालून नुसते पाय दिसत होते.

"काय झालं?" अमरेशनं डोळे उघडून विचारलं. जीभ चावली गेली होती, त्यामुळं शब्द जड येत होते.

"पडलात."

तो बराच वेळ छताकडं बघत राहिला. मग त्यानं मांडीवरची ओली झालेली पँट चाचपली, आणि त्याला कळलं.

"अक्काला फोन केलास?"

"न्हाई अजून."

"करू नको."

चौदा वर्षांत त्याला झटका आला नव्हता. भूकंपात भिंतीचा दगड डोक्यात बसला तेव्हा तो सात वर्षांचा होता. आई-वडील त्याच पहाटे गेले. थोरल्या बहिणीनं, कमलम्मानं, त्याला ढिगाऱ्यातून ओढून काढलं. तिचं वय तेव्हा सतरा. डोक्याची जखम भरली, पण पुढं दोनेक वर्षांनी झटके सुरू झाले. पत्र्याच्या शेडमध्ये, मग पुनर्वसनाच्या घरात, मग लातूरच्या भाड्याच्या खोलीत अक्का त्याच्या छातीवर हात ठेवून झोपली. तिला स्थळं येत होती, ती तिनं परत पाठवली. झटके थांबले, पुढं डॉक्टरांनी गोळ्याही बंद केल्या, तरी तिचा भरवसा बसला नाही. भावाला बायको आणल्यावरही काही वर्षं ती शेजारच्या खोलीत दार उघडं टाकून निजायची. शेवटी चाळिशीला टेकल्यावर तिनं हदगावच्या चंद्रप्पांशी, एका विधुर किराणा दुकानदाराशी, लग्न केलं.

महानंदाला यातलं काही नवं नव्हतं. अक्का मुलगी बघायला आली तेव्हा तिनं पोह्यांची बशी खाली ठेवून तिच्या वडिलांना सांगितलं होतं, "पोराला झटके येत होते. आता येत न्हाईत. पण माझ्याकडून कळलेलं बरं." महानंदाला ते तेव्हा आवडलं होतं. मात्र झटका म्हणजे काय ते तिनं आज पाहिलं, तेही ओसरता ओसरता. क्लासची एक पोरगी धावत घरी सांगायला आली, आणि ती दुकानात पोचेपर्यंत अमरेशचे हातपाय सैल पडत आले होते. त्याच्या नाकापाशी कुणीतरी कांदा फोडून धरला होता.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि जुनीच गोळी पुन्हा सुरू केली. "होतं असं कधीकधी," ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी का आलं, ते दरवेळी सांगता येत नाही. पुन्हा येईलच असं नाही, येणारच नाही असंही नाही." मोटारसायकल चालवायची नाही. उंचावर चढायचं नाही. झोप मोडायची नाही. न्हाणीत आतून कडी लावायची नाही. झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना. महानंदानं त्यांना हे सगळं दोनदा सांगायला लावलं. अमरेश तोवर भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता.

त्याच संध्याकाळी तिनं न्हाणीची कडी स्क्रू काढून उतरवली.

"मी काय लेकरू हाय?" तो म्हणाला.

"न्हाई."

"मग?"

तिनं कडी आणि स्क्रू फडताळात ठेवून दिले.

दुकान तिसऱ्या दिवशी उघडलं. गोळीनं अमरेशला दुपारची गुंगी यायची. किती प्रती सांगितल्या ते तो विसरायचा आणि पुन्हा विचारताना चिडायचा. महानंदा काउंटरवर बसायला लागली. कागद कसा भरायचा, अडकला तर कोणतं झाकण उघडायचं, हे ती शिकली. तो दुकानात आला की पोरं एकदम गप्प व्हायची. नायगावहून मेडिकलच्या तयारीला आलेली उमैमा नावाची मुलगी तेवढी सरळ बोलली. "दादा, बरं हाय का आता?" तिनं विचारलं. "हाव," तो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा आवाज नेहमीसारखा निघाला.

अक्काचा फोन दर रविवारी यायचा. मागं चंद्रप्पा काहीतरी गमतीचं बोलायचे आणि अक्का बोलता बोलता हसत सुटायची. लातूरला असताना ती अशी हसलेली महानंदाला आठवत नव्हती. अमरेश फोन कानाला लावून "सगळं ठीक" म्हणायचा.

"सांगा की त्यांना," महानंदा एकदा म्हणाली. "मला लई भ्या वाटतंय. त्यांनी बघितलंय सगळं. मला काय येतंय?"

"सांगितलं तर पहिल्या गाडीनं येईल ती."

"आल्या तर काय बिघडलं?"

"परत जाणार न्हाई." तो पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला. "तिला आत्ता कुठं घर मिळालंय, महानंदा. माझ्यापायी पुन्हा न्हाई. तुला माझी शप्पथ हाय."

तिनं मान हलवली. शपथ तिला पटलेली नव्हती.

पण तीस सप्टेंबर जवळ येत होता, आणि त्या दिवशी अक्का येणारच होती. दरवर्षी दोघं बहीण-भाऊ गावी जाऊन आई-वडिलांच्या नावानं फूल वाहायचे. यंदा भूकंपाला पंचवीस वर्षं होत होती.

आदल्या दिवशी अमरेश तिला आणायला रिक्षानं गेला. "गाडी बिघडलीय," त्यानं आधीच सांगून टाकलं. अक्कानं घरात पाऊल टाकलं, पिशवीतून लोणच्याची बरणी काढून महानंदाच्या हातात दिली आणि पाय धुवायला न्हाणीत गेली. ती लवकर बाहेर आली नाही. दाराच्या आतल्या बाजूला, जिथून कडी निघाली होती, तिथं लाकडाला पांढरी भोकं पडली होती.

बाहेर आल्यावर ती स्वयंपाकघरात महानंदाशेजारी बसली आणि अंबाडीची जुडी पुढ्यात ओढली.

"कधी आलं?" तिनं हलक्या आवाजात विचारलं.

महानंदाच्या हातातलं लाटणं थांबलं. "काय अक्का?"

अक्कानं तिच्याकडं पाहिलं. मग एक एक पान खुडायला लागली. "काही न्हाई," ती म्हणाली. "भाजीला तेल जरा सढळ घाल."

दुसऱ्या दिवशी तिघंही पहाटे उठून एसटीनं गावी गेले. स्मारकाजवळ गर्दी होती, भाषणं होती, ऊन चढत होतं. पुढारी निघून गेल्यावर माणसं आपापल्या नावांपाशी गेली. अक्कानं ओल्या फडक्यानं दगडावरची आई-वडिलांची नावं पुसली, विभूती लावली, फुलं ठेवली. अमरेश शेजारी उकिडवा बसला होता. त्याची झोप मोडली होती, सकाळची गोळी तो अक्कासमोर घेऊ शकला नव्हता. महानंदानं दोनदा डोळ्यानं खुणावलं, दोन्ही वेळा त्यानं नजर वळवली.

घरी परतल्यावर त्यानं जेवणाआधी पाणी मागितलं. तांब्या हातात घेतला आणि तो तसाच उभा राहिला. मान एका बाजूला फिरली. महानंदानं तांब्या खाली पडल्याचा आवाज ऐकला, आणि ती धावली. त्याचं डोकं फरशीवर आपटण्याआधी तिचा हात मध्ये गेला.

अक्का जागची उठली होती. दोन पावलं पुढंही आली. महानंदानं वर बघितलं. आता ही त्याला मांडीवर घेईल, असं तिला वाटलं, आणि ती जरा बाजूला सरकली.

अक्का थांबली. मग तिथंच उंबऱ्यावर बसली.

"तू कर," ती म्हणाली. "मी हाय इथं."

महानंदानं त्याचा चष्मा काढला. तांब्या पायानं लांब ढकलला. त्याला कुशीवर वळवायला लागली तर तो वळेना. हातपाय लाकडासारखे ताठ, मग गदगदा हलू लागलेले. तिनं खांद्याखाली गुडघा देऊन त्याला वळवलं, डोक्याखाली टॉवेल सारला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. आवाज ऐकून शेजारच्या पार्वतम्मा हातात चप्पल घेऊन आल्या. "हुंगव त्याला, हुंगव," त्या दारातून ओरडल्या.

"नको काकू," महानंदा म्हणाली. "काही लागत न्हाई. तुम्ही जावा." आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. पार्वतम्मांनी अक्काकडं पाहिलं. अक्कानं मान हलवली, तेव्हा त्या गेल्या.

तोंडातून फेस येत होता. महानंदा तो पुसत होती आणि घड्याळ बघत होती. अक्काचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकले होते. तिसरं मिनिट संपायच्या आत झटके विरळ झाले. मग एक मोठा, घरघरता श्वास आला, मग दुसरा.

"आम्ही चमचा घालायचो तोंडात," अक्का म्हणाली.

"डॉक्टर नको म्हणलेत."

"बरं केलंस."

अमरेशचा श्वास सरळ होत होता. अक्का उठली, पदर सारखा केला आणि मागच्या दारात चपला शोधू लागली. महानंदा तिच्यामागं गेली.

"कुठं निघालात?"

"देवळात. त्यानं विचारलं तर मघाशीच गेल्या म्हणून सांग. जेवायच्या आधी."

"अक्का, थांबा ना. चार दिवस तरी." महानंदानं दाराची चौकट धरली. "त्यांनी मला शप्पथ घातली होती म्हणून बोलले न्हाई. पण मला जमत न्हाई हो."

"जमलं की."

"तुम्ही होतात म्हणून."

अक्का चपलेत पाय सरकवून तशीच उभी राहिली. "मी थांबले तर त्याला कळंल, मला कळलंय म्हणून. मग तो माझ्याकडं बघत बसंल आणि मी त्याच्याकडं. लई वर्षं केलं आम्ही ते." तिनं आत एकदा पाहिलं. "आणि खरं सांगू का? मी आज राहिले तर मला पुन्हा जाणं व्हायचं न्हाई. मला जायचं हाय, महानंदा."

महानंदाला राग आला. तो तिनं गिळला नाही, लपवलाही नाही. ती आत वळली. मागं दार लागल्याचा आवाज आला.

अमरेशनं डोळे उघडले तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता.

"आला?" त्यानं विचारलं.

"हाव."

त्यानं मान वळवून खोली बघितली. "अक्का?"

"देवळात गेल्यात. तुम्ही पाणी मागायच्या आधीच."

त्यानं डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की महानंदाला त्याच्याकडं बघवेना. तिनं त्याला गोळी दिली आणि कपडे बदलायला मदत केली.

अक्का ऊन कलल्यावर आली. कपाळावर ताजी विभूती होती, हातात नारळाची वाटी. "लई गर्दी बाई देवळात," ती दारातूनच म्हणाली. "आन् हे काय, अजून झोपूनच?"

"उन्हानं डोकं धरलं," अमरेश उठून बसत म्हणाला.

"टोपी घालत न्हाईस. लहानपणापासून सांगते."

महानंदानं चहा केला. अमरेशनं कप दोन्ही हातांनी धरला आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या गावातल्या कुठल्याशा म्हशीची गोष्ट सांगितली. अक्का हसली. शेवटी तर इतकी हसली, की तिला डोळे पुसावे लागले. महानंदा दोघांच्यामध्ये बसून खोबऱ्याचे काप करत होती.

सकाळी दोघं तिला बसवून द्यायला स्टँडवर गेले. नांदेडची गाडी लागली होती. अक्काला खिडकीजवळ जागा मिळाली. अमरेश खाली उभा राहून वर बघत होता.

"चार दिवस राहिली असतीस तर," तो म्हणाला. म्हणताना त्यानं श्वास धरला होता, ते महानंदाला दिसलं.

"आन् तिकडं कोण बघंल? ह्यांना साधा चहा जमत न्हाई." अक्कानं खिडकीचा गज धरला. "माझं घर हाय की रे मला."

अमरेश मोठ्यानं हसला. आजूबाजूच्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी मागं आली, वळली, फाटकाकडं निघाली. गजावरचा अक्काचा हात शेवटपर्यंत दिसत होता. बोटं पांढरी पडली होती. तोंड तिनं आत वळवलं होतं. महानंदा गाडी रस्त्याला लागेपर्यंत त्या हाताकडं बघत राहिली. कालचा राग तिनं मनात शोधला, तो सापडला नाही.

"बघ," अमरेश म्हणाला. "काही कळलं न्हाई तिला."

"न्हाई," महानंदा म्हणाली.

तिनं हात करून रिक्षा थांबवली. आधी त्याला आत बसवलं, आणि मग स्वतः उघड्या बाजूला बसली.