चमचामावशींची पांढरी शाल

लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्या संध्याकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. कडेवर मुलं, हातात औषधाच्या बाटल्या आणि सगळ्यांच्या नजरा समोरच्या खुर्चीकडे. खुर्चीत चमचामावशी बसल्या होत्या. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत दुधासारखी पांढरी शाल, आणि शालीवर, त्यांच्या एका मांडीवर, एक छोटी मुलगी. ही मुलगी घरी औषधाची बाटली दिसली की असा टाहो फोडायची की शेजारचे दार वाजवून विचारायचे, काय झालं?

मावशींनी चमचा भरला आणि उंच धरला.

"बघा. कडू आहे ना? कडूच आहे. पण कडूपणा औषधात नसतो बरं! जिभेच्या दारावर एक राखणदार बसलेला असतो. तो चांगल्याला अडवतो आणि वाईटाला आत सोडतो. मी त्याला झोपवते, बाकी काही करत नाही. आता डोळे मिटा. सगळ्यांनी. एकाचाही डोळा उघडा राहिला तर तो राखणदार जागा होईल, मग मला बोल लावायचा नाही."

खोलीभर डोळे मिटले. मावशी गुणगुणल्या, "नीज रे, नीज रे, कडूच्या पहारेकऱ्या..." बाहेर लाँड्रीत इस्त्रीने वाफ सोडली, फुस्स.

"उघडा!"

चमचा रिकामा होता. मुलगी ओठ चाटत होती. वर "अजून!" म्हणाली. तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. गर्दीतून असा सुस्कारा निघाला, की खिडकीचा पडदा हलला म्हणायलाही हरकत नाही.

मागच्या भिंतीला टेकून ढब्बूचे आजोबा उभे होते. सुनेने कोपर मारल्यामुळे त्यांनीही डोळे मिटले होते, पण एक जरासा किलकिला ठेवून. उपयोग काही झाला नाही. समोर माणसांच्या पाठी आणि पाठींवर लटकलेल्या पिशव्या. आजोबांनी सगळी नोकरी सिनेमाच्या थिएटरात प्रोजेक्टर चालवण्यात घालवली होती. लोक हसायचे, रडायचे, शिट्ट्या मारायचे, पण मान वळवून तो उजेड कुठून येतो हे कोणी बघत नसे. त्यामुळे 'चमत्कार' म्हटलं की आजोबांची मान आपोआप मागे वळायची.

"बघितलंत ना बाबा?" सूनबाई कुजबुजल्या.

"डोळे मिटून काय बघणार, डोंबल!" आजोबा म्हणाले.

सूनबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांना तरी दोष काय द्यायचा? ढब्बूचं वय अडीच वर्षं, अंगात ताकद मात्र पहिलवानाची. त्याच्या कानात पू झाला होता. डॉक्टरांनी औषध दिलं तेव्हा घरात लढाई सुरू झाली. टॉवेलात गुंडाळून झालं, दुधात लपवून झालं, विमान उडवत चमचा आणून झाला. विमान दर वेळी भिंतीवर कोसळायचं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर गुलाबी ओघळ उमटले होते आणि पोटात काय गेलं ते कोणालाच माहीत नव्हतं. सूनबाई घरी केक करून विकायच्या. पहाटेपासून क्रीम फेटायचं, दिवसभर ऑर्डरी सांभाळायच्या आणि वर ही रोजची झटापट. आजोबांचा मुलगा कामासाठी परगावी. त्या पार मेटाकुटीला आल्या होत्या. अशात कोणीतरी चमचामावशींचं नाव सांगितलं. पहिल्याच दिवशी ढब्बूने मावशींच्या मांडीत बसून चमचा चाटूनपुसून घेतला. सूनबाई घरी येऊन आधी ढसाढसा रडल्या आणि मग गाढ झोपल्या.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ लाँड्रीची वारी सुरू झाली. मावशी काही मागत नसत. लोकच आपणहून खाऊचे डबे, कापडं, मधाच्या बाटल्या ठेवून जायचे. सूनबाईंनी दोन मजली केक दिला होता.

सगळं छान चाललं होतं. फक्त ढब्बू बरा होत नव्हता.

ताप उतरायचा आणि परत चढायचा. कान ओढत तो चिडचिड करायचा. आणि एक गोष्ट आजोबांच्या काळजात रुतून बसली होती. पूर्वी मागून हळूच "ढब्बू" म्हटलं की पोरगा गर्रकन वळायचा. आता वळत नसे. आजोबा मागे उभे राहून हाका मारायचे आणि तो ठोकळे रचत बसायचा.

डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"औषध पूर्ण जातंय ना?"

"थेंबसुद्धा वाया जात नाही!" सूनबाई अभिमानाने म्हणाल्या.

"मग एव्हाना फरक पडायला हवा होता. हे औषध लागू पडत नाही असं दिसतंय. उद्या सकाळी दवाखान्यात भरती करू. शिरेतून इंजेक्शनं द्यावी लागतील. कानाच्या बाबतीत मला धोका पत्करायचा नाही. या वयात नीट ऐकू आलं नाही तर बोलणंही मागे पडतं."

घरी आल्यावर सूनबाई कामाला लागल्या. केकच्या एका ऑर्डरीवर नावच चुकीचं लिहिलं, पुसलं, पुन्हा चुकलं. आजोबा ढब्बूला घेऊन जमिनीवर बसले.

"आबा, तू बाळ हो," ढब्बू म्हणाला.

आजोबा बाळ झाले. गुडघे दुखत असूनही मांडी घालून, जितकं लहान होता येईल तितके लहान झाले. ढब्बूने आईचा नॅपकिन स्वतःच्या मांडीवर पसरला. खेळण्यातल्या कपातून चमचाभर पाणी घेतलं, उंच धरलं आणि फर्मान सोडलं, "डोले मीट!"

आजोबांनी मिटले. लगेच त्यांच्या गुडघ्याला ओलं लागलं.

"अरे, सांडलंस की!"

"नाई सांडलं," ढब्बू रागावला. "डोले मीट!"

पुन्हा चमचा, पुन्हा उंच, पुन्हा गुडघा ओला. या खेपेला आजोबांनी डोळे उघडेच ठेवले. ढब्बूने भरलेला चमचा नॅपकिनखाली नेला, व्यवस्थित उपडा केला आणि त्याच नॅपकिनखालून दुसरा चमचा काढून आजोबांच्या तोंडात घातला. "गोऽऽड!" तो म्हणाला आणि टाळ्या पिटल्या.

आजोबांनी तोंडातला चमचा काढला आणि त्याच्यासमोर वाकून मोठ्याने विचारलं, "ढब्बू, मावशी असं करते?"

"हो. कडू खाली. खाली पंज आहे."

"पंज?"

ढब्बू उठला, मोरीकडे गेला आणि भांडी घासायचा स्पंज घेऊन आला.

आजोबांना हसावं की कपाळ बडवावं कळेना. त्या खोलीत राखणदाराच्या भीतीने सगळी मोठी माणसं डोळे घट्ट मिटून बसत होती. पण मांडीतलं मूल डोळे मिटतं की नाही, हे कोणी बघितलंच नव्हतं! मुलं मावशींच्या मांडीत बसून, डोळे टक्क उघडे ठेवून, रोज सगळी हातचलाखी बघत होती. आणि घरी कोणी एकदाही मुलाला विचारलं नव्हतं, बाबा रे, तिथे काय होतं?

सूनबाईंनी ऐकलं आणि आधी उसळल्याच. "बाबा, तुम्हाला सगळ्यांतच खोट दिसते. तो लहान आहे. काहीही खेळतो."

"काहीही खेळतो खरं. पण स्पंज कुठून आणला त्याने? आपण कधी औषध पाजताना स्पंज घेतलाय?"

सूनबाई उठल्या, केकच्या सामानातून निळ्या रंगाची कुपी काढली, औषधाची रिकामी बाटली धुतली आणि तिच्यात पाणी भरून रंगाचे थेंब टाकले. मग आणखी टाकले.

"खायचा रंग आहे," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. "एक चमचा पोटात गेला तर जीभ निळी होईल. माझ्याच केकांनी कितीजणांच्या झाल्यात. जीभ निळी झाली, तर तुम्ही मावशींची माफी मागायची. आणि नाही झाली तर..." त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, "आधी खात्री करा आणि मला कळवा. काहीही झालं तरी संध्याकाळचं खरं औषध चुकवू नका."

संध्याकाळी खोली पुन्हा भरली. या वेळी आजोबा पुढे बसले.

"हे निळं कसं?" मावशींनी चमचा भरताना विचारलं.

"डॉक्टरांनी औषध बदललंय," आजोबा म्हणाले. "फार कडू आहे म्हणे. राखणदाराला जरा गाढ झोपवा."

"माझ्या हाताखालून कसलंही कडू सुटत नाही, आजोबा. डोळे मिटा!"

सगळ्यांनी मिटले. "नीज रे, नीज रे..." फुस्स, इस्त्री म्हणाली. "उघडा!"

ढब्बू ओठ चाटत होता. गर्दीने सुस्कारा सोडला. सूनबाई मात्र पुढे आल्या आणि मुलापुढे वाकल्या.

"ढब्बू, जीभ दाखव. आऽऽ कर."

ढब्बूने हनुवटीपर्यंत जीभ काढली. गुलाबी, स्वच्छ, मांजरीसारखी. निळ्याचा ठिपकाही नव्हता.

आणि पांढऱ्याशुभ्र शालीवर, मावशींच्या दुसऱ्या मांडीवर, एक निळा डाग उमटला. लिंबाएवढा होता, बघता बघता बशीएवढा झाला.

"मावशी, तुमच्या शालीने औषध प्यायलंय," आजोबा म्हणाले. कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

सूनबाईंनी शालीचं टोक उचललं. खाली एक वाडगा, वाडग्यात निथळणारा निळा स्पंज, आणि शेजारी पेला, त्यात साखरेचा पाक. दुसरा चमचा पाकातच उभा होता. सगळं पितळ तिथे मांडीवरच उघडं पडलं होतं. शाल रोज पांढरी कशी राहायची हेही आता कोणाला विचारावं लागलं नाही. लाँड्री मावशींच्या भावाचीच होती.

"औषधाचं सत्त्व... मुलात जातं," मावशी चाचरत म्हणाल्या. "खाली नुसतं पाणी उरतं..."

"मग पाक कशाला?" आजोबांनी विचारलं.

मागून एक बाई तावातावाने म्हणाल्या, "पण आमचा मुलगा यांच्यामुळेच बरा झाला! त्याचं काय?"

"काय झालं होतं त्याला?" सूनबाईंनी विचारलं.

"सर्दी."

"सर्दी आपली आपण जाते हो, ताई. बहुतेक मुलांना दुसरं काही झालेलंच नसतं, म्हणून मावशींचं नाव झालं. माझ्या मुलाच्या कानात पू आहे. तो पाकाने जात नाही. उद्या त्याला भरती करणार होते, आणि मी..." त्यांनी ढब्बूला उचलून कडेवर घेतलं. "मी डॉक्टरांना सांगत होते, थेंबसुद्धा वाया जात नाही म्हणून."

तेवढ्यात दाराजवळचा एक तरुण बाप पांढराफटक पडला. त्याच्या कडेवर तीच छोटी मुलगी होती, "अजून" म्हणणारी. "हिला झटके येऊ नयेत म्हणून औषध आहे," तो पुटपुटला. "काल पुन्हा झटका आला. आम्हाला कळेना, औषध चालू असताना..." वाक्य तसंच टाकून तो दाराबाहेर पळत सुटला, तिथून थेट दवाखान्यात.

मावशींचा चेहरा उतरला. सगळा डौल गळून पडला होता आणि खुर्चीत एक थकलेली, घाबरलेली बाई उरली होती. "मला वाटलं, सगळी खोकल्याचीच औषधं असतात," त्या म्हणाल्या. "मुलं रडत नाहीत, आया हसत जातात... मला वाटलं, कुणाचं काय बिघडतंय."

"बाटलीवर लिहिलेलं असतं, बाई," आजोबा म्हणाले. त्यांना फार राग आला होता, पण आवाज चढला नाही. "आणि आपण सगळे तर त्याहून मोठे शहाणे. डोळे मिटायला सांगितलं, मिटले. निदान त्याच वेळी विचारायचं होतं, का? जे खरं आहे ते उघड्या डोळ्यांसमोरही खरंच राहतं. कोणी दाखवायला बोलावून डोळे मिटायला सांगत असेल, तर समजावं की बघण्यासारखं नेमकं तेव्हाच काहीतरी आहे."

घरी आल्यावर खरं औषध काढलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे सुई नसलेली पिचकारी आणली होती. नाक दाबायचं नाही, आडवं पाडायचं नाही, गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं, आणि खोटं बोलायचं नाही.

"कडू आहे," आजोबांनी सांगून टाकलं. "खूप कडू. पण कान बरा होईल. आधी तू मला दे."

ढब्बूने आजोबांना पिचकारीने पाणी पाजलं. आजोबांनी असं काही तोंड वाकडं केलं की पोरगा खदखदून हसला. मग त्याने स्वतः पिचकारी धरली, आईने हात धरला, औषध गेलं. ढब्बू रडला. अगदी मनापासून रडला. थुंकला मात्र नाही. चमत्कार वगैरे काही नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा रडला, तिसऱ्या दिवशी जरा कमी. डॉक्टरांनी भरती दोन-तीन दिवस थांबवली होती आणि त्या रोज कान तपासत होत्या. ताप उतरला आणि भरती टळली. त्या मुलीचीही तब्येत सावरल्याचं तिचा बाप स्वतः येऊन सांगून गेला. मावशी आता लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालतात. शालीचा डाग काही गेला नाही म्हणे.

काही आठवड्यांनी ढब्बू ठोकळे रचत बसला होता. आजोबा मागे उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "ढब्बू."

पोरगा गर्रकन वळला.

"आबा," तो म्हणाला, "ओलडू नको ना."

आजोबा तिथेच जमिनीवर बसले. गुडघे दुखले, पण त्यांना त्याचं भानच नव्हतं. "नाही ओरडत, राजा," ते म्हणाले आणि डोळे पुसू लागले.

"डोले उघड," ढब्बूने बजावलं. "बघ, मी काय केलंय."

आजोबांनी उघडले. वाचकहो, आपणही उघडेच ठेवू या. औषध कडू असेल तर कडू म्हणू या, कळत नसेल तर डॉक्टरांना विचारू या, आणि आपली लहान मुलं काही दाखवत असतील तर जरा खाली बसून बघू या.