मागच्या रांगेतली जागा

कवळीवाल्याला लहान एसयूव्हीच हवी होती. चाळिशी उलटेपर्यंत तो एका खोलीत एकटा राहिला, लोकांच्या तोंडात नीट बसतील अशा कवळ्या घडवत राहिला, आणि रस्त्यावरून तशी उंच, ऐटदार गाडी गेली की त्याची मान आपसूक वळायची. पण आता तो एकटा नव्हता. गेल्या वर्षी त्याने तीन मुलांच्या आईशी लग्न केलं. मुलांचे वडील आजारपणात गेले तेव्हा जुळे अजून रांगत होते. ते दोघे महिन्याभरात त्याला ‘बाबा’ म्हणायला लागले आणि त्याच्या खांद्यावर चढून बसायला लागले.

थोरलीचं तसं नव्हतं. ती चौदा वर्षांची, वडील तिला चांगले आठवत होते. ती कधी उद्धट वागली नाही, फक्त त्याला कशानेच हाक मारत नसे. “जेवायला बोलावलंय,” असं दारातूनच सांगायची. “सायकलची चेन निसटलीय,” हे भिंतीकडे बघून. ‘तू’ नाही, ‘तुम्ही’ नाही. वाक्यातून त्याला इतकं अलगद वगळायची, की त्याला तिचं कौतुकच वाटायचं. मेणात दात बसवताना मात्र तो कितीदा तरी मनातल्या मनात ‘बाबा’ हा शब्द तिच्या आवाजात ऐकून बघायचा.

शोरूममध्ये सगळे मिळून गेले. एसयूव्हीच्या स्टिअरिंगमागे बसल्यावर तो खूश झाला. समोरचा अख्खा रस्ता नजरेखाली.

“कसं वाटतंय?” बायकोनं विचारलं.

“झकास.”

मग त्यानं आरशात पाहिलं. दोन्ही कडांना जुळ्यांच्या खुर्च्या लावलेल्या, आणि मधल्या उंचवट्यावर थोरली, खांदे आवळून, हात मांडीत धरून. तिचे गुडघे त्याच्या सीटला टेकले होते. इतकी जवळ ती कधीच बसली नव्हती. तिचा श्वास ऐकू येत होता. ती मात्र शक्य तितकी मागे रेलली होती.

“पुरतेय ना जागा?”

“चालेल,” ती म्हणाली.

सेल्समननं त्यांना मिनीव्हॅनकडे नेलं. दिसायला पावाच्या डब्यासारखी. दार बाजूला सरकलं, जुळ्यांनी मधल्या दोन सुट्या सीट पटकावल्या. मधे एवढी वाट, की एकाचा गुद्दा दुसऱ्यापर्यंत पोचेना. थोरली त्या वाटेनं मागच्या रांगेत गेली. पाय लांब केले, पिशवी शेजारी ठेवली, काचेला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. घरात भावांबरोबरच्या खोलीत त्यानं तिला असं सैल बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“मागचं बोलणं पुढं ऐकू येतं का?” त्यानं सेल्समनला विचारलं.

“गाडी चालू असताना जरा मोठ्यानं बोलावं लागतं, साहेब.”

त्यानं एसयूव्हीकडे एकदा वळून पाहिलं.

“तुला ती हवी होती ना?” बायको हळूच म्हणाली.

“होती. पण तिला ही हवीय.”

“तिनं कुठं म्हटलं तसं?”

“म्हणायला कशाला हवं?”

व्हॅन घेतली. पहिल्याच रविवारी सगळे मावशीकडे निघाले. डोंगरातला वळणावळणाचा रस्ता लागला तोवर जुळे झोपले होते, शेजारी बायकोही पेंगत होती. आरशात थोरलीचं नुसतं कपाळ दिसत होतं. एका घरातली माणसं एका गाडीत किती लांब बसू शकतात, असं त्याच्या मनात आलं.

“काका.”

आपल्याला म्हटलंय हे त्याला कळलंच नाही.

“काका, गाडी थांबवता का जरा? मळमळतंय.”

त्यानं गाडी कडेला घेतली, दार सरकवलं. ती उतरून गवतावर वाकली. तो पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला. पाठीवर हात ठेवावा की नाही, कळेना. मग ठेवला. ती बाजूला सरकली नाही.

“गाडी चांगलीय,” चूळ भरून ती म्हणाली. “पण मागं फार हलतं.”

बायको जागी झाली होती. ती उठून मागच्या रांगेत जाऊन बसली. थोरली पुढं आली.

काका. वाण्याला म्हणतात, शेजाऱ्याला म्हणतात. दुसरा शब्द तिनं दुसऱ्या कुणासाठी जपून ठेवला होता आणि त्यावर त्याचा हक्क नव्हता, हे त्याला समजत होतं. त्यानं गाडी सुरू केली.

“एसी कमी करता का थोडा?”

त्यानं केला. पुढे ‘काका’ येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही. नंतरची सगळी वळणं त्यानं अगदी सावकाश घेतली.

मावशीच्या दाराशी पोचले तेव्हा ती झोपली होती, डोकं त्याच्या बाजूला कललेलं.

“आलं ना घर?” मागून बायकोनं विचारलं.

“आलं,” तो पुटपुटला, आणि तसाच बसून राहिला.