भट्टीपुढची फरशी मागच्या अंगणात

मी एक जुनी दगडी फरशी आहे. मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलंत तर मी सपाट आणि नीटनेटकी दिसेन. माझी उमेदीची वर्षं मात्र एका बेकरीत गेली.

पाथरवटाने छिन्नीने माझ्या कडा सरळ केल्या आणि मला भट्टीच्या तोंडापुढे बसवलं. तीस-पस्तीस वर्षं बेकरीवाला माझ्यावर उभा राहून पाव भाजत असे. लांब दांड्याचं फावडं आत सारताना त्याची टाच माझ्यावर घासे. हळूहळू मला वाटीएवढा खळगा पडला. "ही आता माझ्या पायाच्या मापाची झाली," असं तो आल्यागेल्याला कौतुकाने सांगे. ते ऐकून मला फार बरं वाटे.

पुढे बेकरीवाला थकला आणि ती इमारत पाडली गेली. मी राडारोड्याच्या ढिगावर येऊन पडले. वर्षभर माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

एके दिवशी शिवणकाम करणारी एक बाई आपल्या गवंडी भावाला घेऊन तिथे आली. दोघांनी हातगाडीत फरश्या आणि विटांचे तुकडे भरायला सुरुवात केली.

"ताई, हिला खड्डा आहे गं," भाऊ म्हणाला.

"असू दे. फुकट मिळतंय तर नाकं कसली मुरडतोस?"

बाईचा नवरा पूर्वी बस चालवायचा. एका अपघातात त्याचे पाय निकामी झाले आणि तो चाकांच्या खुर्चीला खिळला. मागचं दार उघडलं की समोर नुसता चिखल. दोन वर्षांत डॉक्टरकडे जाण्यापलीकडे त्याने उंबरठा ओलांडला नव्हता. त्या चिखलावर फरसबंदी करायची, असं बाईने मनावर घेतलं होतं.

"कशाला हा खटाटोप? मी आत बरा आहे," तो कुरकुरायचा.

बहीणभावाने चिखल उपसला, विटांचे तुकडे धुमसाने ठोकून बसवले, वर वाळू पसरली. पाणसळ लावून, पातळी बघत एकेक फरशी बसवली. दाराला विटांचा उतार केला. शेवटी कशीबशी समजूत घालून त्यांनी नवऱ्याची खुर्ची बाहेर काढली. आणि काय सांगू! पुढचं चाक नेमकं माझ्या खळग्यात अडकलं. खुर्ची कलली. भावाने धरलं म्हणून तो वाचला.

"सांगत होतो ना! मला आत न्या," तो कडाडला. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्याची खुर्ची दाराच्या आत नेऊन ठेवल्यावर भावाने पहार घेतली. "फेकून देतो हिला."

तेवढ्यात दारातून नवऱ्याचा आवाज आला. "अरे, फेकतोस काय? पालथी घालून बघ की! टायर एका बाजूने झिजला तर आम्ही फिरवून लावायचो."

"भावजी, तुम्हीच उभे राहा ना... म्हणजे, बसा ना इथे आणि सांगा," भाऊ गडबडून म्हणाला.

नवरा हसला. कितीतरी दिवसांनी हसला असावा, कारण बाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग सुरू झाली त्याची हुकमत. "डावीकडे अजून वाळू घाल. हां, आता ठोक. डुगडुगते का बघ." माझा पालथा भाग घडवल्या दिवसापासून तसाच सपाट होता. बेकरीवाल्याच्या टाचेची खूण वाळूने भरून मी पोटाशी धरली.

संध्याकाळी नवऱ्याने आपल्या हातांनी चाकं फिरवली. कुणालाही खुर्ची ढकलू दिली नाही. तो माझ्यावरून गेला, पार कुंपणापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, "अगं, इथे ऊन किती छान येतं! तुझे ते बटणं लावायचे सदरे आण इकडे. बसल्या बसल्या लावतो."

आता दोघं रोज इथेच काम करतात. मित्रांनो, मी सुखात आहे. एवढंच मागणं आहे, आमच्या फटींत गवत माजलं तर उपटा आणि सांधे उखडले तर वेळेवर बुजवा. आमच्यावरून एक माणूस एकटा बाहेर येतो. त्याची वाट नीट राहू द्या.