तिसराच गिअर का सुटतो?

"तिसरा गिअर सुटतो? अहो, हात जड असेल तुमचा!"

मिस्त्रीणबाईंनी शाळेच्या व्हॅनच्या ड्रायव्हरला गॅरेजच्या दारातूनच वाटेला लावलं. त्या व्हॅनचा गिअरबॉक्स नुकताच त्यांनी स्वतः उघडून दुरुस्त केला होता. त्यात आपलंच काही चुकलं असेल, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. आपलंही असंच होतं, नाही का? काही बिघडलं की आधी उलट न बोलणारा माणूस शोधायचा!

त्याच आठवड्यात ड्रायव्हर पडल्या चेहऱ्यानं पुन्हा आला. मुलांना घेऊन उतार उतरताना पुन्हा तोच तिसरा गिअर सुटला होता. ब्रेकवर कसंबसं निभावलं. पण मुख्याध्यापिकांनी त्याला घरी बसवलं.

"तुम्हीच म्हणालात हात जड. मग मुख्याध्यापिकांपुढे मी काय बोलणार?"

शेजारी सीटकव्हर शिवणाऱ्या सासूबाईंनी मान वर केली. "काय गं, हात जड असता तर सगळेच गिअर सुटले असते ना? एकटा तिसराच का रुसलाय?"

मिस्त्रीणबाई चपापल्या. खरंच, तिसराच का? आता त्यांना स्वस्थ बसवेना. शाळेतून व्हॅन मागवून त्या स्वतः चालवायला बसल्या. चढावर सगळं ठीक. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, आणि खट्ट! गिअर सुटला. पुन्हा पाहिलं, पुन्हा खट्ट!

गिअरबॉक्स खोलला. तिसऱ्या गिअरला धरून ठेवणारी दातेरी कडी उलटी बसली होती.

"अगबाई! ही तर मीच बसवली!" मग हळूच म्हणाल्या, "गुपचूप सुलटी करते. पार्ट खराब निघाला म्हणू."

"म्हणजे हीच चूक उद्या दुसऱ्या गाडीत करायला तू मोकळी!" सासूबाई म्हणाल्या. "आणि त्या ड्रायव्हरच्या नोकरीचं काय?"

मिस्त्रीणबाई कडी घेऊन तडक शाळेत गेल्या. "चूक माझी आहे. ड्रायव्हरची नाही."

मुख्याध्यापिकांनी कडी उलटसुलट करून पाहिली. "दोन्ही बाजू सारख्याच दिसतात की हो!"

"तिथंच फसले मी. आता खोलतानाच खूण करून ठेवीन."

मुख्याध्यापिका ओशाळल्या. "मी तर त्यांना काही विचारलंसुद्धा नाही!" त्यांनी लगेच फोन लावून ड्रायव्हरला कामावर परत बोलावलं.

कडी सुलटी बसल्यावर व्हॅन पुन्हा उतारावर नेली. स्टिअरिंगवर ड्रायव्हर, शेजारी मिस्त्रीणबाई. तिसरा गिअर जागचा हलला नाही!

वाचकहो, चूक कोणाची हे शोधण्याची आपल्याला भारी घाई असते. ती झाली कशी, एवढं आधी विचारलं असतं, तर एक भला माणूस घरी बसला नसता.