एक पडला की मुडदा पडतो

मी फासा बोलतोय. पिशवीतून बोलतोय, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. शेजारी चष्म्याचं घर आहे, खाली बिस्किटांचा चुरा आहे आणि पिशवी कुठेतरी भराभर चाललीय. कुठे, ते मला माहीत नाही. फाशाला कुणी सांगून कुठे नेतं का?

सापशिडीतला माझा भाऊबंद तुम्ही पाहिला असेल. पांढरा, चौकोनी, सहा बाजूंचा. मी त्या घराण्यातला नाही. मला वीस बाजू आहेत. रंग हिरवा, अंगाला चकाकी. एका कारखान्यात साच्यात ओतून माझा जन्म झाला. ओतताना एक बुडबुडा पोटात राहिला तो राहिलाच, तोही नेमका ‘एक’ या आकड्याखाली. बुडबुडा हलका आणि हलकं ते वर. त्यामुळे मला टेबलावर टाकलं की मी गडगडतो, विचार केल्यासारखं करतो आणि ‘एक’ दाखवतो. लोक म्हणतात, हा मुद्दाम करतो. अहो, पोटात वारा धरलेल्या माणसाला कुणी असं बोलतं का?

मला विकत घेतलं एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी. शिकाऊ माणसाशेजारी बसून ब्रेक दाबण्यात त्यांची हयात गेली. आता ते खुर्चीवर बसले, पलंगावर बसले, तरी घाबरले की उजवा पाय जमिनीवर दाणकन आपटतात. सगळे त्यांना ब्रेक मास्तर म्हणतात.

रविवारी दुपारी स्कूल बंद असतं. तेव्हा भिंतीवरच्या ‘थांबा’, ‘पुढे वळण आहे’ वगैरे पाट्यांखाली चौघं जमतात आणि सोंगांचा खेळ खेळतात. मास्तर गोष्ट रचतात. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. वागणं जमलं की फसलं, ते मी सांगतो.

यंदाची गोष्ट होती खुनांची. स्कूलच्या मालकीणबाई, म्हणजे वहिनी, त्या शहर पोलीस. त्यांचे दीर भाऊजी खऱ्या आयुष्यात प्लंबर, खेळात रेल्वे पोलीस. आणि भाऊजींची आत्या, वय झालेलं, कान शाबूत, ती वनखातं. आत्यांना वनखातं का, तर त्या म्हणाल्या, “मला सावलीतलं काहीतरी दे.”

पहिला मुडदा पडला घड्याळजीचा. डोकं शहराच्या हद्दीत, कंबर रुळांवर, पाय जंगलात.

“डोकं आमच्याकडे आहे, म्हणजे माणूस आमचा,” वहिनी म्हणाल्या.

“कंबर आमच्याकडे आहे. माणूस कंबरेवर मोजतात,” भाऊजी म्हणाले.

“कोण मोजतं?”

“शिंपी.”

“अरे बाळा, आला तो पायांनी आला ना?” आत्या म्हणाल्या. “मग माझाच.”

मास्तरांनी नियम सांगितला. एका खात्याला दुसऱ्याकडून काही विचारायचं असेल, तर आधी सहकार्याचा फासा टाकायचा. दहाच्या वर आला, तर उत्तर मिळेल. खाली आला, तर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. आणि एक आला, तर पत्रापत्रीत वेळ जाईल आणि तेवढ्यात पुढचा खून पडेल.

वहिनींनी वनखात्याला विचारायला मला टाकलं. एक. न्हावी गेला.

भाऊजींनी मला हातात घासून, फुंकर मारून टाकलं. एक. पिपाणीवाला गेला.

पुढच्या रविवारी वहिनींनी डावा हात वापरला. छत्र्या दुरुस्त करणारा गेला. पाचवा होता पोस्टमन. शहर पोलिसांचं सहकार्याचं पत्र तोच रेल्वे पोलिसांकडे नेत होता.

आत्या मात्र मला कधी टाकायच्या नाहीत. आपली चाल त्या मास्तरांच्या कानात सांगायच्या. त्या कानाशी लागल्या की मास्तर डोळे विस्फारायचे आणि पाय दाणकन. मला वाटायचं, कानात गुदगुल्या होत असतील.

खेळातलं भांडण घरात गेलं. दीर-भावजयीने एकमेकांशी बोलणं टाकलं. जेवताना भाऊजी म्हणायचे, “आत्या, शहर पोलिसांना सांग, मीठ इकडे पाठवा.” वहिनी म्हणायच्या, “आत्या, रेल्वेला सांगा, अर्ज करा.” मीठ मध्येच बसून राहायचं.

शेवटी दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत झालं. खुनी म्हणजे मी.

“दरवेळी हाच असतो तिथे,” वहिनी म्हणाल्या.

“आणि दरवेळी तेच करतो,” भाऊजी म्हणाले. “सराईत आहे.”

मला अटक झाली. चहाची गाळणी माझ्यावर पालथी घातली आणि ती माझी कोठडी झाली. पाचही खून माझ्या नावावर चढवले. अहो, घड्याळजी गेला तेव्हा मला कुणी टाकलंसुद्धा नव्हतं! पण एकदा आरोपी सापडला की जुनी कामंही उरकून घेतात. गाळणी कोठडीत गुंतल्यामुळे त्या दिवसापासून सगळे चोथ्यासकट चहा प्यायला लागले. त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर.

आज दुपारी भाऊजींनी पिशवीतून पाना काढला. मोठा, दात असलेला, पाइप पिळायचा. “एकच घाव,” ते म्हणाले. “भुगा करतो.”

“तुम्ही का म्हणून?” अबोल्यानंतर वहिनी पहिल्यांदाच थेट बोलल्या. “टेबल शहरात आहे.”

“गाळणीचा दांडा टेबलाबाहेर आलाय. तो भाग आमचा.”

“टेबल लाकडाचं आहे,” आत्या म्हणाल्या. “लाकूड वनखात्याचं.”

मास्तरांनी हात वर केला. “शिक्षा द्यायची तर तिन्ही खात्यांचं एकत्र आरोपपत्र लागेल. त्यासाठी तिघांना आपापली माहिती एकमेकांना द्यावी लागेल. आणि त्यासाठी आधी…”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“दुसरा फासा नाही?” वहिनींनी विचारलं.

“होता. भाऊजींनी बेसिनमध्ये सोडला, पाइप मोकळा आहे का बघायला.”

“मोकळा होता,” भाऊजी म्हणाले.

आता माझी अवस्था बघा. एक आला तर सहकार्य फसणार, आरोपपत्र होणार नाही आणि मी वाचणार. सहावा कुणीतरी मरेल, त्याला माझा नाइलाज. पण चांगला आकडा आला तर पाना ठरलेला. जन्मभर ज्या बुडबुड्याला शिव्या दिल्या, त्यालाच हात जोडले. म्हटलं, बाबा रे, आज नाक कापू नकोस. नेहमीचंच कर.

वहिनींनी मला टाकलं. मी गडगडलो. हलकी बाजू वर यायला लागली, ‘एक’ दिसायला लागला, जीव भांड्यात पडतोय तोच मी बशीवर आदळलो आणि एका बिस्किटाला टेकून तिरका उभा राहिलो.

वीस.

वहिनींची खुर्ची मागे पडली. मास्तरांनी असा ब्रेक मारला की टेबल पुढे सरकलं. भाऊजींनी वहिनींना टाळी दिली, मग अबोला आठवून हात खिशात घातला. मी बिस्किटाकडे बघत होतो. काय वैर होतं रे तुझं माझं?

“वीस म्हणजे पूर्ण सहकार्य,” मास्तर म्हणाले. “सांगा आता सगळं. आधी शहर.”

“खुनी उंच आहे,” वहिनी म्हणाल्या. “डावखुरा. गालावर तीळ.”

“रोज संध्याकाळी जंगलाकडून येतो आणि तासाभरात परत जातो,” भाऊजी म्हणाले. “पास काढलाय पठ्ठ्याने.”

आत्यांनी बिस्किट चहात बुडवलं. माझं बिस्किट. मी बशीत आडवा झालो. “तीळ डाव्या गालावर का गं, सूनबाई?”

“हो! तुम्हाला कसं माहीत?”

“तो माझ्याकडेच आहे की. पहिल्या रविवारपासून. घड्याळजी गेला त्या दिवशी झऱ्यात हात धूत होता, विनापरवाना. चौकीत कोंडून ठेवलाय.”

वहिनींनी कप खाली ठेवला.

“आत्या!” भाऊजी ओरडले. “सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारायला यायचात आणि हा मेला एक पडायचा. नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत.”

“पण तो कोंडलेला, तर पुढचे खून कुणी केले?” वहिनींनी विचारलं.

“त्यानेच केले असणार,” आत्या शांतपणे म्हणाल्या. “रोज संध्याकाळी तासभर सोडायचे मी त्याला. आई आजारी आहे म्हणायचा.”

“आणि तो परत यायचा?”

“अगदी वेळेवर. येताना हातपाय धुऊन यायचा. हल्ली इतकी वळणाची मुलं कुठे राहिलीत?”

सगळे मास्तरांकडे वळले. मास्तर कपाळ पुसत होते. “मला माहीत होतं,” ते म्हणाले. “प्रत्येक रविवारी कानात सांगायच्या. पण सूत्रधाराने बोलायचं नसतं. इतके दिवस नुसता ब्रेक दाबून बसलोय. गुडघा गेला माझा.”

भाऊजींनी पाना खाली ठेवला. मला बशीतून उचललं आणि शर्टाला पुसलं. “सुटलास रे,” ते म्हणाले. मी निर्दोष. बुडबुड्यासकट निर्दोष.

मग जे घडलं ते बघून माझे वीसच्या वीस चेहरे भरून आले. तिसऱ्या खात्याला धरायला पहिली दोन खाती एक झाली.

“भाऊजी, बेडी आहे का?”

“पाइपाचा क्लॅम्प आहे, वहिनी. सैलसर बसेल.”

“चालेल. हात दुखले नाही पाहिजेत त्यांचे.”

आत्यांना शिकाऊंच्या सरावाच्या सीटवर बसवलं, स्टिअरिंगसमोर. अंबाड्यावर गाळणी ठेवली, कोठडी म्हणून. चूक जंगलातली, सीट शहरातली, क्लॅम्प रेल्वेचा. कुणाची तक्रार नाही. वहिनींनी भाऊजींच्या चहात न विचारता साखर घातली. भाऊजींनी चोथा गिळला आणि म्हणाले, “मस्त झालाय.”

आत्यांनी स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे फिरवून पाहिलं.

“मला शिक्षा मान्य आहे,” त्या म्हणाल्या. “फक्त तासभर सोडता का? गॅसवर दूध ठेवून आलेय.”

वहिनींनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचा पाय दाणकन आपटला.

“जाऊ दे बिचाऱ्यांना,” वहिनी म्हणाल्या. “दूध उतू जाईल.”

“वेळेवर ये हं, आत्या,” भाऊजींनी क्लॅम्प सोडला.

आत्या उठल्या. उठताना टेबलावर हात टेकला आणि हात उचलला तेव्हा मी तिथे नव्हतो.

तर मंडळी, अशी माझी कहाणी. पिशवी अजून चाललीय. आत्यांचं घर केव्हाच मागे पडलं. मघाशी त्यांनी गाणं गुणगुणत मला चिमटीत धरलं, बिस्किटाचा चुरा झटकला आणि म्हणाल्या, “तुला कुणी हात लावला तर बघतेच.” अशी धनीण मिळायला नशीब लागतं.

कुठे एखादी म्हातारी, डोक्यावर चहाची गाळणी घालून झपाझप जाताना दिसली, तर एकच विनंती आहे. कुठल्याही खात्याला कळवू नका. आणि कळवलंत तरी ते आधी एकमेकांना विचारायला जातील. त्यासाठी त्यांना फासा लागेल.

आणि फासा इथे आहे.