मागची पकडा

दवाखान्यात शिरलं की समोर टेबल, टेबलामागे आत्या आणि आत्याच्या पाठीमागे दोन दारं. डाव्या दाराआड आत्याचा भाचा बसायचा, उजव्या दाराआड भाच्याची बायको. दोघांचं काम एकच, माणसांच्या मनाची दुरुस्ती. पद्धती मात्र एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या.

भाचा माणसाला ऐसपैस खुर्चीत बसवायचा आणि बोलतं करायचा. आज, काल, लहानपण, त्याच्याही आधीचं काही आठवत असेल तर तेही. बायकोच्या भिंतीवर दहा पायऱ्यांची कागदी शिडी होती. ज्याची भीती वाटते त्याच्या दिशेने एकेक पायरी चढायचं, घाम फुटला तरी उतरायचं नाही, भीती दमली की पुढची पायरी. आत्या डाव्या दाराला ‘खणकाम’ म्हणायची आणि उजव्या दाराला ‘शिडी’. त्यामुळे सूनबाईंना आपोआप शिडीबाई हे नाव पडलं होतं. खणकामाने याबद्दल कधी तक्रार केली नाही, कारण त्याच्याकडे गर्दी होती.

गर्दीचं कारण आत्याच होती. तिने बुटांच्या दुकानात तीस वर्षं काढली होती आणि कोणाला कुठल्या दारात पाठवायचं हे ती पायांकडे बघून ठरवायची. टाच झिजलेली असली की डावीकडे, चवडा झिजलेला असला की उजवीकडे. या शास्त्राला कुठल्याही विद्यापीठाची मान्यता नव्हती, पण आत्यालाही कुठल्या विद्यापीठाची नव्हती. गेले तीन महिने गावात सगळ्यांच्या टाचाच झिजत होत्या. शिडीबाईंच्या वाट्याला एकच गृहस्थ आला, त्याला सासूची भीती वाटायची. पहिल्या पायरीवर सासूचा फोटो ठेवला, तर त्याने फोटोच पालथा घातला आणि बरा झालो म्हणून निघून गेला.

आणि पाच आठवड्यांवर मानसोपचारकांची परिषद येऊन ठेपलेली! शिडीबाईंना व्यासपीठावर वीस मिनिटं मिळाली होती. भाषणाचं शीर्षक तयार होतं, आभार तयार होते, नवी साडीसुद्धा तयार होती. मधे सांगायला पेशंट तेवढा नव्हता.

अशात एका सकाळी बस-ड्रायव्हर आला. आत्याने टेबलावरून वाकून त्याचे बूट पाहिले. उजवा चवडा घासून घासून पातळ झाला होता.

“अगं, चवडा!” आत्या ओरडली. “ब्रेकवाला चवडा आहे!”

शिडीबाई स्वतःच दार उघडायला आल्या.

ड्रायव्हर बावीस वर्षं बस चालवत होता. आठ महिन्यांपूर्वी नदीवरच्या मोठ्या पुलाच्या बरोबर मधोमध त्याची बस बंद पडली. बेचाळीस प्रवासी, मागे हॉर्नचा कल्लोळ, खाली पाणी. बस दहा मिनिटांत सुरू झाली, ड्रायव्हर मात्र अजून सुरू झाला नव्हता. पूल दिसला की त्याचे हात कापायचे, छातीत धडधडायचं. मग तो गाडी खालच्या जुन्या रस्त्याने न्यायचा. चौदा मिनिटं जास्त लागायची. प्रवासी या फेरीला ‘सहल’ म्हणू लागले होते.

“आता डेपोने सांगितलंय,” तो म्हणाला. “चार आठवड्यांत इन्स्पेक्टरला शेजारी बसवून पूल ओलांडायचा. नाहीतर स्टोअरमध्ये बसायचं, नटबोल्ट मोजत. मॅडम, मी काचेतून रस्ता बघणारा माणूस आहे हो. स्टोअरला खिडकीसुद्धा नाही.”

शिडीबाईंच्या मनात तोवर पताका लागल्या होत्या. पूल! साधा, सरळ, दोन्ही टोकं दिसणारा पूल! पुस्तकातल्या उदाहरणालाही एवढं नेटकं असायला लाज वाटली असती.

“यावर एकच उपाय आहे,” त्या म्हणाल्या आणि शिडीकडे बोट दाखवलं. पहिल्या पायरीवर त्यांनी लिहिलं : पुलाचा फोटो. दहावीवर : भरलेली बस, सकाळची वेळ. ड्रायव्हरने कागदावर सही केली. तो गेल्यावर शिडीबाईंनी दाराला कडी घातली आणि खोलीभर दोन गिरक्या घेतल्या.

दुसऱ्या भेटीला तो फोटो पाकिटात घालून आला. दिवसातून दहादा बघितला होता. आता फोटो बघून फक्त तळहाताला घाम यायचा. शिडीबाई खूश झाल्या. गप्पांत त्यांनी सहज विचारलं, कामावर कसं चाललंय?

“काल गंमत झाली. एक बाई थांब्यावर, हातात दोन पिशव्या. म्हणाली, बाजारात जाते का? म्हटलं, जाते, पण मागची पकडा, ती सरळ जाते. माझी गाडी रिकामी होती बरं का. चार माणसं, त्यातले दोन झोपलेले.”

“मग घ्यायची ना तिला! खात्याचा नियम आहे का तसा?”

“नियम कसला? पण ती एकदा बसली की आरशात दिसते. सारखी घड्याळ बघते. पाऊण तास आरशात ते तोंड नाही बघवत, मॅडम.” तो हसला. “तुमचं एक बरं आहे. तुम्ही म्हणालात, एकच उपाय आहे. दोन असते तर मी फाट्यावरच उभा राहिलो असतो.”

शिडीबाईंच्या मनातल्या पताका एकदम लोंबायला लागल्या. भिंतीवर शिडीच्या शेजारी छोटा आरसा होता. तिकडे बघायचं त्यांनी टाळलं.

दुपारी त्या डाव्या दाराने आत गेल्या. नवरा संत्रं सोलत होता.

“पुलाला घाबरणारा ड्रायव्हर तुझ्याकडे आला असता, तर काय केलं असतंस?”

नवऱ्याच्या हातातलं संत्रं थांबलं. “पुलाच्या मधोमध बंद पडलेली बस? ना हा काठ, ना तो काठ?” त्याचे डोळे लकाकले. “अगं, सोनं आहे हे! त्या सुमारास त्याच्या घरी काय झालं, विचारलंस?”

“नाही.”

“विचारायला हवं! या माणसावर एकच उपाय...”

“बस,” शिडीबाई म्हणाल्या. “मीही त्याला हेच सांगितलं. एकच.”

नवऱ्याने अर्धं संत्रं तिच्या पुढे केलं. त्यांच्या घरात माफी मागायची आणि द्यायची तीच रीत होती.

“उद्या तो आला की त्याला दोन्ही सांगायचे,” ती म्हणाली. “पण माझी पद्धत तू सांगायचीस आणि तुझी मी.”

“का?”

“कारण स्वतःची सांगताना आपले डोळे चमकतात. आणि तो ड्रायव्हर आहे, त्याची नजर आरशावर असते.”

दुसऱ्या दिवशी आत्याच्या टेबलासमोर तीन खुर्च्या मांडल्या गेल्या. आत्या पंच. तिने पेन उघडलं आणि म्हणाली, “हं. जो कोणी स्वतःच्या मालाची तारीफ करेल त्याला मी हाकलून देणार.”

खणकामाने शिडीचं वर्णन सुरू केलं. तोंड असं, जणू स्वतःचा दात स्वतः उपटतोय. “भीतीला सामोरं जायचं. त्रास होतो. काही लोक मधेच सोडून जातात. पण...” त्याने एकदा आत्याकडे पाहिलं. “अशा नेमक्या भीतीसाठी अभ्यासात या पद्धतीचा पुरावा जास्त आहे. आणि वेळ कमी लागतो.”

“मोठ्याने बोल,” आत्या म्हणाली.

“कमी लागतो!”

मग शिडीबाई खणकामाबद्दल बोलल्या. बेतात बोलायचं ठरवलं होतं, पण प्रामाणिकपणा अंगात आला आणि त्या वाहवल्या. भीती म्हणजे कधी कधी नुसती वरची पाटी असते. आतलं दुकान दुसरंच असतं. बोलता बोलता ते सापडतं, हलकं वाटतं, कोणी घाई करत नाही. वेळ लागतो आणि चार आठवड्यांची हमी कोणी देणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण तोवर ड्रायव्हर खुर्चीत पुढे सरकला होता. नवरा कौतुकाने बघत राहिला. स्वतःची पद्धत इतकी छान आहे हे त्यालाही आजच कळत होतं.

“बस बंद पडली त्याच सुमारास माझी मुलगी परगावी शिकायला गेली,” ड्रायव्हर हळूच म्हणाला.

शिडीबाईंनी मनात हिशेब केला. गेला. पेशंट गेला, वीस मिनिटं गेली, साडी कपाटात गेली.

ड्रायव्हर त्यांच्याकडे वळला. “मॅडम, मी तुमचा भाऊ असतो तर काय सांगितलं असतंत?”

उत्तर जिभेवर होतं. खरंही होतं. पण त्याच्या आधी दुसरंच बाहेर पडलं. “थांबा. आधी एक सांगते. पुढच्या महिन्यात मला परिषदेत बोलायचंय आणि त्यासाठी मला पेशंट हवाय. तुम्ही आलात तेव्हा मी खोलीत नाचले. त्यामुळे मी जे काही सांगेन, ते हे धरून ऐका.”

आत्याने पेनाला टोपण लावलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं.

“म्हणजे,” ड्रायव्हर विचार करत म्हणाला, “तुमची गाडी रिकामी आहे.”

“तीन महिने.”

तो असा हसला की त्याची खुर्ची करकरली. आत्याही हसली. मग त्याने एकदम धंद्याचा आवाज काढला. “चार आठवड्यांत कुठली पोचते?”

“तिची,” खणकाम म्हणालं. “मुलीबद्दल बोलावंसं वाटलं तर माझं दार आहे. नंतर, किंवा कधीच नाही. पण पूल हवा असेल तर तिची.”

“भाऊ असतात, तरी मी हेच सांगितलं असतं,” शिडीबाई म्हणाल्या.

“मधे उतरता येतं?”

“कुठल्याही पायरीवर.”

“मग शिडी,” ड्रायव्हर म्हणाला. “पण परिषदेत माझं नाव नको.”

“नावच काय, मीच जाणार नाही. ती तारीख डोक्यात असली तर एखादी पायरी मी तुम्हाला घाईने चढवीन.” शिडीबाईंनी तिथेच आत्याच्या टेबलावर बसून परिषदेला पत्र लिहिलं. दोन ओळींचं होतं, पण पाकीट चिकटवायला त्यांना बराच वेळ लागला.

आणि मग शिडी अशी धावली! तिसरी पायरी, पुलाच्या तोंडाशी उभं राहणं. चौथी, कठडा धरून चालत पलीकडे. शिडीबाई शेजारी, ड्रायव्हर मोठ्याने दिव्याचे खांब मोजतोय. पाचवी, कठडा न धरता. सहावीवर सायकल. सातव्या पायरीवर दुसऱ्याच्या बसमध्ये प्रवासी म्हणून बसायचं होतं. तिथे गाडं अडलं. पहिल्या दिवशी तो अलीकडेच उतरला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी शिडीबाईंनी विचारलं, दार बदलायचंय का? तो म्हणाला, नाही, पण एक दिवस थांबू. थांबले. परिषदेची तारीख असती तर थांबल्या नसत्या, हे शिडीबाईंना पक्कं ठाऊक होतं. चौथ्या दिवशी तो पलीकडे उतरला आणि तिथूनच आत्याला फोन लावला. आत्या फोनवर फक्त “चवडा! चवडा!” म्हणत राहिली.

आठवी-नववी पार पडल्या आणि परीक्षेच्या, म्हणजे दहाव्या पायरीच्या, सकाळी दवाखान्याच्या दारावर ‘आलोच’ अशी पाटी लागली. तिघेही पुलाच्या पलीकडच्या थांब्यावर उभे. नवरा टाचा उंचावून बघत होता. आत्याने त्याला दोनदा बजावलं की बूट खराब होतील.

“आली!”

पुलाच्या त्या टोकाला बस दिसली. आली, आली आणि मधोमध हळू झाली. शिडीबाईंनी नवऱ्याचं मनगट इतकं आवळलं की त्याने लहानपणानंतर पहिल्यांदाच “आई गं” म्हटलं. बस क्षणभर रेंगाळली. मग एकदाच हॉर्न वाजला, ऐटीत, आणि ती सरळ पुढे आली. बेचाळीसच्या वर माणसं होती, उभीसुद्धा. इन्स्पेक्टर काहीतरी लिहीत होता आणि लिहिताना हसत होता.

दार उघडलं. शिडीबाई एका दमात दोन पायऱ्या चढल्या. डोळे भरून आलेले.

ड्रायव्हरने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

“मॅडम, दवाखान्यात जायचं ना? ही गाव फिरून जाते. मागची पकडा, लवकर पोचाल.”

“माहीत आहे,” शिडीबाई म्हणाल्या आणि त्याच्या पाठीमागच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या. “हीच हवी.”