घालायचा राहून गेलेला एप्रन

“आई, तू खरी डॉक्टर आहेस की नुसती शिकलेली?”

हा प्रश्न माझ्या मालकिणीच्या लेकीने विचारला. खरं तर तिच्या मैत्रिणींनी तो तिला विचारायला लावला, पैज लावून. “हिंमत असेल तर विचारून दाखव!” लेक नववीत आहे. गणितात तिची बोंब आहे, पण हिंमतीत पैकीच्या पैकी. मैत्रिणी दाराआड तोंड दाबून उभ्या होत्या. मालकीण कपाटासमोर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

“नुसती शिकलेली,” ती म्हणाली, आणि टॉवेल उचलला.

मित्रांनो, दाराआडच्या मैत्रिणी हळूच चपला घालून निघून गेल्या.

या उत्तराचा अर्धा भाग त्याच कपाटात लटकत होता. तो म्हणजे मी! पांढरा एप्रन. वयाने जुनापुराणा, पण कामाच्या बाबतीत अगदी कोरा करकरीत. हॉस्पिटलात डॉक्टर लोक अंगावर घालतात ना, तोच.

माझा जन्म झाला तेव्हा काय थाट होता म्हणून सांगू! मालकीण डॉक्टरकीची शेवटची परीक्षा पास झाली होती. इंटर्नशिपसाठी अर्ज केला होता आणि नावही लागलं होतं. इंटर्नशिप म्हणजे हॉस्पिटलात वर्षभर पडेल ते काम करत खरंखुरं शिकायचं. ते वर्ष पुरं केल्याशिवाय साध्या खोकल्याचं औषधसुद्धा लिहून देता येत नाही. मालकीण नाचतच शिंप्याकडे आली.

“काका, खिसे खोल शिवा हं. इंटर्नला खिशातच संसार थाटावा लागतो!”

“पोरी, एवढे खोल शिवतो की पेशंटसुद्धा मावेल,” शिंपीकाका म्हणाले.

मी तयार झालो, इस्त्री होऊन घरी आलो. आणि त्याच आठवड्यात तिचं लग्न ठरलं. सगळ्यांना घाई होती. मला हँगरला अडकवलं, कपाटाचं दार लागलं, आणि झालं! लग्नानंतर सासरच्या कपाटात आलो, पण आत तो आतच.

कपाटात राहून बघा एकदा. एका बाजूला लेकीच्या बाबांचा लग्नातला कोट, अंगाने भारी आणि स्वभावाने त्याहून भारी. दुसऱ्या बाजूला लोकरीची शाल, सारखी टोचणारी. नाकात डांबराच्या गोळ्या. उजेड यायचा तो फटीतून, सुतळीएवढा. दार उघडलं की मला वाटायचं, आली! हात यायचा, पण नेहमी शेजारच्याच हँगरकडे जायचा.

बाहेर मालकिणीची तरी कुठे सुटका होती? लेक झाली, तिची आजारपणं झाली. मग वरच्या मजल्यावर मालकिणीचे आईवडील राहायला आले. आजोबांचं बीपी बघा, आजींच्या गुडघ्याला शेक द्या. शेजारच्या काकू रिपोर्ट घेऊन यायच्या. “तुम्हीच सांगा हो, तुम्ही काय, घरच्याच डॉक्टर!” मालकीण रिपोर्ट वाचायची, सगळं समजायचं, आणि म्हणायची, “डॉक्टरांना दाखवून घ्या.” असं म्हणताना तिचा आवाज कसा बारीक व्हायचा, ते मला फटीतून ऐकू यायचं.

मला कधी बाहेर काढलंच नाही असं नाही. एकदा घराला रंग देताना लेकीच्या बाबांनी मला चढवलं. आजी तर केसांना कलप लावताना मला खुशाल खांद्यावर घ्यायच्या! “नाहीतरी पडूनच आहे,” त्या म्हणायच्या. माझी कॉलर काळी झाली. मालकिणीने मला निमूटपणे धुतलं आणि परत आत अडकवलं. त्यापेक्षा ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पण लेकीच्या त्या प्रश्नानंतर मालकिणीने टॉवेल आत ठेवला, आणि या वेळी हात माझ्याकडे आला. तिने इंटर्नशिपसाठी पुन्हा अर्ज केले. पाच-सहा हॉस्पिटलांनी “पदवी फार जुनी आहे” म्हणून नकार दिला. एका लांबच्या गावातल्या हॉस्पिटलाने मुलाखतीला बोलावलं.

तिथे भलतीच गंमत झाली. लांबलचक व्हरांडा, बाकावर कोवळी कोवळी पोरं-पोरी, सगळी मुलाखतीला आलेली. मालकीण मला घालून आत शिरली, तशी सगळी रांग ताडकन उभी राहिली. “गुड मॉर्निंग, मॅडम!” एकाने तर दारही उघडून धरलं.

“बसा रे,” मालकीण लाजून म्हणाली. “मीसुद्धा मुलाखतीलाच आलेय.”

“घ्यायला ना?”

“द्यायला.”

रांग एकेक करून पुन्हा बाकावर टेकली. मग एक चष्मेवाली पोरगी सरकली आणि म्हणाली, “या मॅडम, बसा. माझ्या आधी तुम्ही जा, मला अजून थोडं वाचायचंय.” मालकीण बसली. माझ्या खोल खिशांत तिने मुठी घट्ट आवळल्या होत्या.

आत हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरीणबाई होत्या, मालकिणीच्याच वयाच्या. त्यांनी सरळ विचारलं, “इथे तुमचे सीनियर तुमच्याहून कितीतरी लहान असतील. ओरडतील. चालेल?”

“घरी नववीतली मुलगी आहे, मॅडम. ओरडून घ्यायची सवय आहे.”

बाई खळखळून हसल्या, पण मग गंभीर झाल्या. “एकदा मिळालेली जागा तुम्ही सोडलीत. आताही सोडणार नाही कशावरून? वर्षभर इथेच राहावं लागेल. जागा देते, पण सोमवारी सकाळी हजर व्हा. इतक्या जुन्या पदवीचे अर्ज पुढच्या वर्षापासून आम्ही घेणार नाही.”

घरी आल्यावर काय झालं असेल? मला पुन्हा हँगरला अडकवलं! दार लागलं. बाहेर कोणी “नको” म्हणत नव्हतं, तेच वाईट. लेकीचे बाबा म्हणाले, “तू ठरव, पण हिची दहावी तोंडावर आलीय.” आजी म्हणाल्या, “तुझी तब्येत झेपेल का, एवढंच मनात येतं.” सगळे मायेनेच बोलत होते, आणि एकेक वाक्य माझ्या दाराला एकेक कडी घालत होतं. लेक तेवढी पाय आपटत म्हणाली, “माझ्या दहावीचं निमित्त करू नका हं! मी माझी नापास व्हायला समर्थ आहे.”

मित्रांनो, तुमच्याही घरातल्या कपाटात असं काहीतरी अडकलेलं असेल. एखादा तबला, एखादी रंग-ब्रशांची पिशवी, एखाद्या खेळाचे बूट. त्याला नुसतं झटकून परत ठेवू नका. ते कोणाचं आहे, तेवढं विचारा. मोठ्याने विचारा.

रविवारी दुपारी दार उघडलं. मालकिणीने मला अंगात घातलं, एकेक बटण लावलं, आणि वरच्या मजल्यावर गेली. आजी-आजोबा खिडकीशी बसले होते.

“आई, बाबा, मी इंटर्नशिपला चाललेय.”

आजोबांनी पेपर खाली ठेवला. “आम्ही कधी नको म्हटलं होतं का? लग्नानंतर कर, एवढंच तर म्हणालो होतो.”

“हो ना, बाबा. लग्नानंतरच चाललेय. उद्या पहाटेच्या गाडीने.”